नव्या आयरिश पबमध्ये जेवायला जाताना: कधी जावं, काय मागवावं, काय टाळावं

शहरात नवा आयरिश पब उघडला की पहिल्याच शनिवारी तिकडे झुंबड उडते. त्या झुंबडीत तुम्ही नसलात तर बरं. नव्या किचनची घडी बसायला दोन-तीन आठवडे तरी जातात. तोवर अर्ध्या मेन्यूला "आज नाही" हेच उत्तर मिळतं, कुठल्या पदार्थात काय पडतं ते वेटरला पाठ नसतं, आणि बारमागच्या पोरांचाही हात अजून बसलेला नसतो. उद्घाटनाची सवलत आहे म्हणून जाणार असाल तर खुशाल जा, पण त्या दिवशीच्या ताटावरून पबबद्दल मत बनवू नका.

हा लेख जेवायला जाणाऱ्यांसाठी आहे, मग तुम्ही पिणारे असा वा नसा. डब्लिन, लंडन, न्यू जर्सी, दुबई, अगदी मुंबई-पुण्यातसुद्धा आयरिश पब निघतात. आपली मंडळी तिथून बहुधा दोनच प्रकारे परततात: एकतर बर्गर-फ्राइज खाऊन, नाहीतर "सगळं फिकं, मिळमिळीत" म्हणून नाक मुरडत. दोघांचंही मागवण्यातच चुकलेलं असतं. आयरिश पबचं किचन मंद आचेवर शिजणाऱ्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या जाणाऱ्या चार-पाच गोष्टी खरोखर चांगल्या करतं. त्या ओळखून मागवायच्या. बाकीचा मेन्यू आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून छापलेला असतो.

सजावटीवर जाऊ नका

खुद्द आयर्लंडमध्ये अगदी कोरा करकरीत पब निघणं दुर्मीळ. १९०२ च्या कायद्याने तिथे पबच्या परवान्यांवर बंधन आणलं, त्यामुळे नवा पब काढायचा तर आधीचा एखादा परवाना मिळवून तो रद्द करून घ्यावा लागतो. २००० पासून हा परवाना देशातल्या कुठल्याही भागातला चालतो, म्हणून कुठल्याशा खेड्यात बंद पडलेल्या पबच्या परवान्यावर डब्लिनच्या उपनगरात नवी पाटी झळकते. तिथे "नवा पब" म्हणजे बहुतेक वेळा जुनीच जागा, नवे मालक आणि नवा आचारी.

आयर्लंडबाहेर गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकात डब्लिनच्या आयरिश पब कंपनीने गिनेस या काळ्या बिअरच्या कंपनीच्या साथीने जगभर तयार पब पुरवायला सुरुवात केली. खेड्यातलं घर, व्हिक्टोरियन बार, जुनं किराणा दुकान, ब्रुअरी असे ठरलेले साचे. लाकडी काउंटर आयर्लंडात बनवायचा, कंटेनरमध्ये भरायचा आणि परदेशात नेऊन जोडायचा. त्यामुळे फळीवरचे जुने पत्र्याचे डबे, भिंतीवरची सायकल आणि दारावरचं गेलिक अक्षरांतलं नाव पाहून "अस्सल आहे हो" म्हणण्यात अर्थ नाही. मूळ कल्पना मात्र खरी आहे. आयर्लंडच्या गावांत पब आणि दुकान एकाच छताखाली असत, आणि केरी परगण्यातल्या डिंगल गावी फॉक्सी जॉन्समध्ये आजही एका बाजूला हार्डवेअरचा माल आणि दुसऱ्या बाजूला बार आहे.

अस्सलपणा शोधायचाच तर मेन्यूत शोधा. जाण्याआधी तो मोबाइलवर उघडा. एका पानात मावतोय का? रोजचं सूप फळ्यावर लिहितात का? स्टूमध्ये लँब आहे की बीफ, ते स्पष्ट लिहिलंय का? पाच पानांच्या मेन्यूत नाचोज, पिझ्झा, थाई करी आणि कोपऱ्यात "आयरिश क्लासिक्स" असेल, तर बराचसा माल फ्रीजरमधून थेट फ्रायरमध्ये जातो असं खुशाल समजा.

वार आणि वेळ

मंगळवार किंवा बुधवार, संध्याकाळी सहाच्या सुमारास. किचन पूर्ण चालू असतं, टेबल मिळतं आणि वेटरला तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सवड असते. फोन करून एकच गोष्ट विचारा: जेवण किती वाजेपर्यंत मिळतं? पब रात्री साडेअकरापर्यंत उघडा असला तरी किचन नऊला, काही ठिकाणी आठलाही बंद होतं. आपण साडेआठला घरातून निघणारी माणसं; तिथे पोहोचेपर्यंत शेंगदाणे आणि क्रिस्प्सच्या पाकिटांवर भागवायची पाळी येते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सच्या रग्बी सामन्यांचे शनिवार टाळा. १७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे तर जेवणासाठी टाळाच. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मेन्यू आखडता घेतात, टेबलं हलवून उभं राहायला जागा करतात आणि अमेरिकेत बिअरला हिरवा रंग घालतात. मजा असते, पण ती मजा जेवणाची नव्हे.

मुलं बरोबर असतील तर वेळेला आणखी महत्त्व. आयर्लंडमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांबरोबर पालक हवेतच, आणि अठराच्या आतल्यांनी रात्री नऊनंतर (मे ते सप्टेंबर दहानंतर) बारमध्ये थांबायचं नसतं. ब्रिटनमध्ये पबागणिक नियम बदलतात, अमेरिकेत जेवणाच्या भागात सहसा अडचण येत नाही. तरी फोनवर विचारूनच निघा.

कुठे बसायचं आणि कुणाला सांगायचं

इथे गोंधळ उडतो, कारण दाराशी उभं राहून कुणीतरी येईल म्हणून वाट पाहायची की आत घुसायचं, हे देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत दाराशी थांबा, नेऊन बसवतात. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी रिकामं टेबल पकडायचं, टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसेही तेव्हाच. आयर्लंडमध्ये दोन्ही चालतं. टेबलावर मेन्यू ठेवलेला दिसला की वेटर येणार असं समजायचं, पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर बारवर जायचं. बारवर रांग दिसत नाही, पण असते. आधी कोण आलं ते आतल्या माणसाने हेरून ठेवलेलं असतं. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, "एक्सक्यूज मी"चा धोशा लावणं यातलं काही करू नका. नजर मिळाली, मान हलली, की तुमचा नंबर लागला.

जागा निवडताना उंच स्टुलांकडे पाहूही नका, विशेषतः आईवडील बरोबर असतील तर. पाय लोंबकळत ठेवून दोन तास जेवणं शिक्षा आहे. स्नग नावाची छोटी, लाकडी आडोशाची खोली दिसली आणि रिकामी असली तर पटकन धरा. पूर्वी बायकांना, पाद्र्यांना आणि पोलिसांना चारचौघांच्या नजरेआड पिता यावं म्हणून हा आडोसा असे. आज पाच-सहा जणांच्या कुटुंबाला शांतपणे जेवायला त्याहून चांगली जागा नाही. खिडकीजवळ किंवा शेकोटीजवळ चार खुर्च्या गोलात मांडलेल्या असतील आणि कुणीच बसलेलं नसेल, तर तिथे बसण्याआधी विचारा. ती वादकांची जागा असू शकते.

आधी ब्रेड आणि सूप

नव्या पबची परीक्षा मी ब्राउन ब्रेडवर घेतो. गव्हाचं जाडसर कोंड्यासकटचं पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, एवढंच लागतं. यीस्ट नाही, तासन्‌तास फुगवणं नाही. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की कणीक फुगते, म्हणून ती लगेच ओव्हनमध्ये घालावी लागते. आयर्लंडमधला गहू मऊ, यीस्टच्या पावाला तितका सोयीचा नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा घरोघरी पोहोचला आणि हाच ब्रेड तिथल्या स्वयंपाकघराचा झाला.

तुकडा हाताने मोडून पाहा. वरची कड टणक हवी, आत दमट, जाड रव्याचा आणि मोडताना किंचित चुरा होणारा गर हवा. वास ताकाचा आला पाहिजे. स्पंजासारखा दबून परत वर येत असेल तर तो कारखान्यातला. केकसारखा गोड लागला तर आचाऱ्याने ट्रीकलच्या काकवीचा हात सैल सोडलाय. हा ब्रेड ज्या दिवशी भाजला त्याच दिवशी खरा. आदल्या दिवशीचा असला की बरेच जण तो टोस्ट करून आणतात, म्हणून मागवताना टोस्ट न केलेला द्या म्हणून सांगा. बरोबर खारं लोणी येईल. कंजुषी न करता लावा, कारण आयर्लंडच्या गवतावर चरणाऱ्या गाईंचं ते पिवळंधमक लोणी ही अर्धी मेजवानी आहे.

सूप म्हणजे बहुतेकदा भाज्या शिजवून घोटलेलं घट्ट सूप. मासे खात असाल तर सीफूड चाउडर घ्या: सामन, स्मोक्ड मासा, शिनाणे, बटाटा, दूध-मलई. चाउडरमध्ये चमचा उभा राहतो की काय इतका मैदा असेल तर पुन्हा मागवू नका. मिऱ्याची पूड भरपूर घाला.

कोकणातल्यांसाठी एक सावधगिरी. मेन्यूत ऑयस्टर, म्हणजे आपली कालवं, दिसली की जीभ चाळवते. गॅलवेत १९५४ पासून त्यांचा सप्टेंबरात उत्सव भरतो आणि गिनेसबरोबर त्यांची जोडी नावाजलेली आहे. पण ती कच्ची येतात. समुद्राकाठच्या, रोज पोत्याने खपवणाऱ्या जागी जरूर खा. आठवड्यापूर्वी उघडलेल्या, समुद्रापासून दूरच्या पबमध्ये नको.

मुख्य ताट

आयरिश स्टू मूळचा फार साधा: मटण किंवा लँब, कांदा, बटाटा, पाणी. गाजर घालावं की नाही यावर आयर्लंडमध्ये अजून वाद होतात. चांगल्या स्टूचा रस्सा पातळ आणि फिकट असतो, त्याला दाटपणा पिठाने नाही तर विरघळलेल्या बटाट्याने येतो. म्हणून तपकिरी, घट्ट, चकचकीत ग्रेव्ही समोर आली तर तो दुसरा पदार्थ आहे, बहुधा बीफ अँड गिनेस स्टू. तोही उत्तम लागतो, पण बीफ न खाणाऱ्याने "स्टू" एवढंच वाचून मागवू नये. लँबची खात्री करून घ्यायचीच. तसंच शेफर्ड्स पायमध्ये लँबचा खिमा असायला हवा आणि कॉटेज पायमध्ये बीफचा. प्रत्यक्षात, खासकरून अमेरिकेत, दोन्ही नावांखाली सर्रास बीफ येतं. मुंबई-पुण्यात २०१५ च्या कायद्यामुळे गोवंशाचं मांस मिळत नाही, तिथे "बीफ" लिहिलं असेल तर ते म्हशीचं.

पहिला घास घेतला की तुमचा हात तिखट शोधेल. थोडं थांबा. या जेवणाची चव मांसाच्या रसात, कांद्याच्या गोडीत आणि लोण्यात आहे; आधी मिरी घाला, मग मोहरीचा झणझणीत इंग्लिश मस्टर्ड मागा, नाकात जातो आणि समाधान होतं. कॉर्कचं बॅलीमलू टोमॅटो रेलिश मिळालं तर तेही घ्या. पिशवीतून लोणच्याची बाटली काढणारे काका मी पाहिलेत आणि त्यांना दोष देत नाही, पण वेटर नवा असतो, बिचारा गोंधळतो.

कोलकॅनन म्हणजे कोबी किंवा केल नावाची पालेभाजी घातलेला, लोण्याने न्हालेला कुस्करलेला बटाटा. चॅम्प म्हणजे तोच, पण कांद्याच्या पातीचा, उत्तरेकडचा. बॉक्स्टी ही लीट्रिम-कॅव्हन भागातली किसलेल्या कच्च्या आणि उकडलेल्या बटाट्याची जाडसर धिरडी; मशरूमच्या सॉसबरोबर मिळाली तर सोडू नका. डब्लिनचा कॉडल, म्हणजे सॉसेज आणि बेकनच्या कापांचा पांढरट रस्सा, पाहूनच अनेकांची भूक जाते. तो मला आवडतो, पण पहिल्या भेटीला कुणाला सुचवणार नाही. कॉर्न्ड बीफ अँड कॅबेज, म्हणजे खारवलेलं बीफ आणि कोबी, हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी रूढ केला. आयर्लंडात त्या जागी उकडलेलं बेकन आणि कोबी असतो. कॉर्न्ड बीफ मेन्यूच्या मथळ्यावर असेल तर पबचं आयर्लंड न्यूयॉर्कमार्गे आलेलं आहे.

फिश अँड चिप्स (चिप्स म्हणजे इथे वेफर्स नव्हे, जाड फ्राइज) कुठेही मिळतात, पण चांगल्या पबमध्ये कॉडबरोबर हेक किंवा हॅडकही असतो. कुठला मासा, हे विचारा. उत्तर नुसतं "व्हाइट फिश" आलं तर दुसरं काही मागवा.

आणि करी. हो, आयरिश पबमध्ये करी असते, तिच्याखाली निम्मा भात आणि निम्म्या चिप्स. पिवळट, गोडसर, सौम्य सॉस आपल्या कुठल्याच रश्शाच्या नात्यातला नाही. थंडीत, दुसऱ्या पाइंटनंतर, नुसत्या चिप्सवर ओतलेला तो सॉस मला मनापासून आवडतो. जेवण म्हणून करी मागवाल तर पस्तावाल.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण मेन्यूतलं हिरवं पान पाहून निर्धास्त होऊ नका. पुढच्या गोष्टी तोंडाने विचाराव्याच लागतात, आणि नव्या जागी वेटरला माहीत नसेल तर किचनमध्ये जाऊन विचारून ये म्हणायला संकोच नको.

- भाज्यांचं सूप चिकनच्या स्टॉकमध्ये आहे का? बऱ्याच ठिकाणी असतं.
- कोबी बेकन उकडलेल्या पाण्यात शिजवलाय का? पारंपरिक पद्धत तीच आहे. कोलकॅननमध्येही कधी बेकनचे तुकडे असतात.
- चिप्स आणि मासे एकाच तेलात तळतात का? तेल वनस्पतीजन्य की गाईची चरबी?
- मॅशवर ग्रेव्ही ओतून आणू नका, हे आधीच सांगा. ती मांसाचीच असते.

बटाटा आहे म्हणजे उपासाला चालेल, असं समजणाऱ्यांनी वरचा तळणाचा मुद्दा पुन्हा वाचावा. कांदा न खाणाऱ्या जैन मंडळींसाठी सालासकट भाजलेला बटाटासुद्धा चालणारा नसतो. त्यांच्यासाठी फोनवर आधी बोलून ठेवणं हाच मार्ग. न्याहारीच्या ताटातल्या काळ्या चकत्या, ब्लॅक पुडिंग, रक्ताच्या असतात. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसलं तरी डुकराचं मांस असतं. "पुडिंग" वाचून गोड समजून घेणारे पाहुणे दरवर्षी भेटतात.

आयर्लंडमध्ये ॲलर्जीकारक चौदा घटकांची माहिती लेखी देणं बंधनकारक आहे, म्हणून पदार्थासमोर आकडे छापलेले असतात. शेंगदाणा, तीळ, ग्लूटेन, अंडं, दूध कुठे आहे ते त्यावरून कळतं. मांस मात्र त्या यादीत नाही, त्यासाठी विचारणंच आलं.

सुरक्षित जोडी सांगतो: बॉक्स्टी किंवा सूप-ब्रेड आधी, नंतर लोण्याचा चॅम्प आणि मशरूम, वर आयरिश चेडरचा टोस्ट. चीजसाठी रेनेटचा, म्हणजे दूध विरजायला वापरतात त्या वासराच्या जठरातल्या द्रव्याचा, प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी तेही विचारावं.

काळा ग्लास

गिनेस पिणार असाल तर जेवण मागवण्याआधी ती मागवा, कारण तिला वेळ लागतो. बारवाला ग्लास तिरका धरतो, तीन चतुर्थांश भरतो आणि बाजूला ठेवून देतो. आतून तपकिरी ढग खाली उतरताना दिसतो, म्हणजे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. ग्लासच्या मध्यभागी बुडबुडे वर चढतात, कडेने द्रव खाली वळतो आणि नायट्रोजनचे बारीक बुडबुडे त्याच्याबरोबर ओढले जातात. काळं आणि पांढरं वेगळं झालं की तो नळ उलटा दाबून वरचा भाग भरतो. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद सांगते. तोवर ग्लास उचलायचा नाही, "झाला का?" विचारायचंही नाही. पहिला घोट फेसातून मोठा घ्या. ओठ टेकवून चाखाल तर नुसता कडवट फेस तोंडात येईल.

रंगामुळे ती जड आणि चढणारी वाटते. तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या साधारण निम्मं. रंग आणि कॉफीचा कडवटपणा भाजलेल्या बार्लीचा. ही बिअर जिथे बनते त्या सेंट जेम्सेस गेटची जागा आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंडांवर ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, ही गोष्ट टेबलावर कुणीतरी सांगणारच, म्हणून तुम्हीच आधी सांगून टाका. पूर्वी गाळण्यासाठी माशापासूनचा आयसिंग्लास वापरत. तो २०१० च्या दशकात बंद झाल्याने शाकाहाऱ्यांची तीही अडचण सुटली. नव्या पबमध्ये एक पाहायचं: पीत जाल तसतशी ग्लासवर फेसाची वलयं उरली पाहिजेत. ग्लास नीट धुतलेला नसेल तर ती उरत नाहीत.

कडू नको असेल तर टिपररीतल्या क्लॉनमेलची ॲपल सायडर घ्या. आयर्लंडमध्ये ती बुल्मर्स, बाहेर मॅग्नर्स. आयर्लंडात "ग्लास" मागितलात तर अर्धा पाइंट मिळतो. पूर्ण पाइंट तिथे आणि ब्रिटनमध्ये ५६८ मिली, अमेरिकेत ४७३. सर्दी झाली असेल तर हॉट व्हिस्की सांगा: गरम पाणी, साखर आणि लवंगा टोचलेली लिंबाची चकती. आपल्या काढ्याची थोरली बहीण. न पिणाऱ्यांसाठी बिनअल्कोहोलची गिनेस असते, चहा तर उत्तम असतो. आईवडिलांना "कॉफी" मागवून देताना आयरिश कॉफी म्हणू नका, तिच्यात व्हिस्की असते. शॅननच्या काठी फॉइन्सला समुद्री विमानं उतरत, तिथल्या गारठलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या आचाऱ्याने १९४० च्या दशकात ती बनवली. जेवणानंतर डेझर्टऐवजी तीच घ्या. नव्या पबमधलं चीजकेक बहुधा बाहेरून आणलेलं असतं. घरचा ॲपल क्रंबल असेल तर मात्र थोडी जागा ठेवा.

राउंड आणि बिल

आपल्याकडे बिल आल्यावर झटापट होते. इथे ती आधीच, एकेका फेरीने होते. गटातला एक जण सगळ्यांचं पेय आणतो, मग दुसरा. ज्याने दुसऱ्यांचे तीन पाइंट घेतले आणि स्वतःची पाळी येताच बस पकडली, त्याचं नाव गावात राहतं. न पिणारे किंवा हळू पिणारे असाल तर सुरुवातीलाच सांगून फेरीबाहेर राहा, कुणी वाईट वाटून घेत नाही. सहा-सात जण असाल तर दोन गट पाडून वेगवेगळ्या फेऱ्या करा. जेवणाचं बिल वेगळं ठेवा, ते आपापसांत वाटून घ्या.

टिप: आयर्लंडमध्ये बारवरच्या पेयाला देत नाहीत, टेबलावर जेवलात तर साधारण दहा टक्के. लंडनमध्ये सर्व्हिस चार्ज बिलात आधीच आहे का ते पाहा. अमेरिकेत १८ ते २० टक्के, आणि बारवर दर पेयामागे एखादा डॉलर. तिथे टिप म्हणजे पगाराचाच भाग.

गाडी चालवणाऱ्याने प्यायचं नाही, एवढंच. कुठे किती चालतं याचे आकडे देशागणिक बदलतात, आयर्लंडमध्ये नव्या चालकाला तर आणखीच कमी मुभा आहे. हिशेब करत बसण्यात शहाणपण नाही.

बोलताना आणि गाणं सुरू झाल्यावर

"ब्लॅक अँड टॅन" हे बिअरच्या मिश्रणाचं नाव तुम्हाला अमेरिकेत दिसेल. आयरिश माणसासमोर ते मागवू नका. १९२०-२१ मध्ये आयर्लंडात अत्याचार केलेल्या ब्रिटिश दलाचं ते नाव आहे. बॉम्बच्या नावाचं जे कॉकटेल आहे तेही नको. बटाट्यावरून दुष्काळाचे विनोद तर मुळीच नकोत, १८४५ नंतरच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

बोलायला विषय हवा असेल तर मालवण काढा. आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. १९२७ पासून आयर्लंडमध्ये गुड फ्रायडेला पब बंद ठेवावे लागत. ती बंदी २०१८ मध्ये उठली तेव्हा पंतप्रधानपदी हेच होते. बारमागचा माणूस आयरिश असेल तर एवढ्यावर अर्धा तास निघतो, मग वराडकरांबद्दल त्याचं मत काहीही असो.

सेशन, म्हणजे वादकांचं एकत्र बसून वाजवणं, साधारण नऊनंतर रंगतं. फिडल, टिन व्हिसल, बोरान नावाची डफासारखी ढोलकी. ही मैफल तुमच्यासाठी नाही, ते आपसात वाजवत असतात. टाळ्या धून संपल्यावर. ठेका धरायला नकोत, त्याने वाजवणाऱ्यांची लय बिघडते. फर्माईश करू नका. कुणी एकटं गायला लागलं की मात्र सगळ्यांनी गप्प व्हायचं, आपल्या टेबलानेही. आपल्या टेबलाला हे जड जातं, म्हणून सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

ब्रेड आणि स्टू जमलेले असतील तर दुसऱ्यांदा रविवारी दुपारी जा. बऱ्याच पबमध्ये कार्व्हरी असते: थाळा घेऊन रांगेत उभं राहायचं, समोर आचारी भाजलेलं मांस कापून वाढतो, बाजूला भाजलेला, कुस्करलेला आणि क्रीममध्ये शिजवलेला असा तीन तऱ्हांचा बटाटा. एकच्या आत पोहोचा. दोननंतर मांस दिव्याखाली वाळलेलं असतं आणि भाजलेले बटाटे संपलेले असतात.